दोन रकान्यांत न मावणारा कांदा : एका संशोधनपद्धती कार्यशाळेचा अभिप्राय

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्यातील एका संस्थेने पीएच.डी.चे विद्यार्थी आणि महाविद्यालयीन अध्यापक यांच्यासाठी भरवलेल्या दहा दिवसांच्या कार्यशाळेला मी पूर्ण वेळ उपस्थित होते. शुल्क साडेतीन हजार रुपये होते. त्यात दुपारचे जेवण, दोन वेळचा चहा, एक छापील पुस्तिका आणि दोन दिवसांचे क्षेत्रकार्य धरलेले होते; राहण्याची सोय ज्याची त्याने पाहायची होती. ‘सामाजिक शास्त्रांतील संशोधनाची तत्त्वज्ञाने : प्रत्यक्षार्थवाद आणि अन्वयार्थवाद’ असा विषय जाहीर झाला होता. थोडक्यात, समाजाचा अभ्यास निसर्गविज्ञानासारखा बाहेरून पाहून, मोजून करावा म्हणणारा तो प्रत्यक्षार्थवाद, आणि माणसे आपल्या कृतींना जो अर्थ देतात तो समजून घ्यावा म्हणणारा तो अन्वयार्थवाद. तालुक्याच्या गावी चौदा वर्षे अर्थशास्त्र शिकवून उशिरा पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या माझ्यासारखीला नेमके हेच हवे होते, कारण माझा आराखडा संशोधन समितीने ‘तात्त्विक भूमिका स्पष्ट नाही’ असा शेरा मारून परत पाठवला होता. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे जे दोष लिहिले आहेत ते अशा बहुतेक कार्यशाळांत थोड्याफार फरकाने आढळतात, आणि नाव दिले की दोष बाजूला राहून संस्थेचीच चर्चा सुरू होते.

सुरुवात पुस्तिकेपासून करते, कारण तीच सर्वांत कच्ची आहे. तिच्यातील निम्मा मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून घेतलेला असावा, कारण पहिल्याच प्रकरणाचे शीर्षक ‘सकारात्मकतावाद’ असे छापलेले होते. माझ्या शेजारी बसलेल्या समाजकार्याच्या विद्यार्थिनीने पहिल्या चहाच्या वेळी अगदी प्रामाणिकपणे विचारले की, संशोधकाने नेहमी सकारात्मक विचार करावा असे सांगणारे हे तत्त्वज्ञान आहे का. दोष तिचा नव्हता. मराठीत ‘पॉझिटिव्हिझम’ या इंग्रजी संज्ञेसाठी प्रत्यक्षवाद आणि प्रत्यक्षार्थवाद हे दोन्ही शब्द कित्येक वर्षे वापरात आहेत; छपाईआधी कोणी जाणत्या माणसाने पाने एकदा चाळली असती तरी हा घोटाळा टळला असता.

त्याहून गंभीर दोष पाचव्या पानावरच्या तक्त्यात आहे. डाव्या रकान्यात प्रत्यक्षार्थवाद, आणि त्याखाली वस्तुनिष्ठ, संख्यात्मक, प्रश्नावली, मोठा नमुना, दुर्खाइम. उजव्या रकान्यात अन्वयार्थवाद, आणि त्याखाली व्यक्तिनिष्ठ, गुणात्मक, मुलाखत, लहान नमुना, वेबर. (दुर्खाइम फ्रेंच आणि वेबर जर्मन; दोघेही समाजशास्त्राचे पायाभरणी करणारे विचारवंत.) नेट-सेट या अध्यापक-पात्रता परीक्षांच्या तयारीला हा तक्ता सोयीचा असतो हे मला मान्य आहे, कारण मी स्वतःही तो विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दिलेला आहे. परंतु तो वाचून अशी समजूत होते की एका बाजूला आकडे आहेत, दुसऱ्या बाजूला शब्द आहेत, आणि संशोधकाने स्वतःच्या प्रकृतीनुसार, म्हणजे बहुधा गणिताची भीती किती आहे ते पाहून, एक बाजू निवडायची आहे. दहा दिवसांतील आठ दिवस याच समजुतीवर बेतलेले होते. उरलेल्या दोन दिवसांनी ती मोडली, आणि शुल्क वसूल झाले ते त्या दोन दिवसांतच.

पहिले तीन दिवस प्रत्यक्षार्थवादाचे होते. संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक ते सांभाळत होते आणि व्याख्याने म्हणून तीच सर्वांत सरस ठरली. फ्रेंच विचारवंत ओग्यूस्त कोंतने १८३० ते १८४२ या काळात प्रसिद्ध केलेल्या सहा खंडांतून समाजाच्या अभ्यासाला भौतिकशास्त्राच्या पंगतीत कसे बसवू पाहिले, त्याला आधी ‘सामाजिक भौतिकी’ हे नाव कसे आवडले होते, आणि बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने तेच नाव सरासऱ्यांच्या अभ्यासासाठी वापरल्यावर कोंतने ‘समाजशास्त्र’ हा शब्द कसा घडवला, हे सरांनी दहा मिनिटांत उरकले. त्यापुढचा दीड तास मात्र त्यांनी दुर्खाइमच्या एकाच वाक्यावर घालवला : सामाजिक तथ्यांकडे वस्तू म्हणून पाहा. आम्ही सगळ्यांनी हे वाक्य पाठ केलेले होते आणि जवळजवळ सगळ्यांनी त्याचा अर्थ चुकीचा लावलेला होता. हे वाक्य ज्या १८९५ च्या ग्रंथात आहे त्यात समाज दगडासारखा आहे असे म्हटलेले नाही. अंतर्मुख होऊन, स्वतःच्या मनात डोकावून समाजाचे ज्ञान होणार नाही, दगडाचे गुणधर्म जसे बाहेरून तपासावे लागतात तसे समाजाचेही तपासावे लागतील, एवढाच त्याचा आशय आहे. सरांनी उदाहरण दिले ते ८ नोव्हेंबर २०१६ च्या, नोटाबंदीच्या रात्रीचे. खिशातील पाचशेची नोट तीच, कागद तोच, आपली तिच्याविषयीची भावनाही तीच. तरी मध्यरात्रीनंतर दुकानदार ती घेईना. आपल्या बाहेर असलेली आणि आपल्यावर सक्ती करणारी गोष्ट म्हणजे काय हे त्या रात्री देशभर कळले, असे ते म्हणाले आणि सभागृहात पहिल्यांदाच हशा पिकला. (नोटेची किंमत ही सर्वांनी मिळून मानलेली गोष्ट असल्यामुळे हेच उदाहरण उजव्या रकान्याच्या व्याख्यात्यांनाही वापरता आले असते. त्यांनी ते वापरले नाही.)

दुर्खाइमच्या १८९७ च्या आत्महत्याविषयक अभ्यासाची मांडणीही सरांनी नीट केली. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांतील प्रमाणांत दिसणारा फरक व्यक्तींच्या दुःखांवरून समजत नाही, तो समाजाच्या बांधणीच्या सैलपणाशी किंवा घट्टपणाशी जोडावा लागतो, हा युक्तिवाद त्यांनी आकड्यांसह उलगडून दाखवला. मात्र त्यानंतर एका सहभागीने विचारले की मृत्यूच्या नोंदीत ‘आत्महत्या’ हा शब्द कोण लिहितो, आणि ज्या समाजात ती मोठी नामुष्की मानली जाते तेथील कुटुंबे व अधिकारी तो शब्द टाळत नसतील कशावरून. हा आक्षेप नवा नाही. समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लसने १९६७ मध्ये तो सविस्तर मांडलेला आहे. सरांनी प्रश्न मान्य केला, वहीत टिपून घेतला, आणि क्षेत्रकार्यानंतर यावर बोलू असे सांगितले. वेळ मारून नेण्यासाठी असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यांनी मात्र शब्द पाळला.

मला सर्वांत उपयोगी वाटला तो महालनोबीसांवरचा भाग. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणामागे ज्यांची दृष्टी होती त्या संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीसांनी एकाच भागातून दोन स्वतंत्र उपनमुने काढून ते दोन वेगळ्या पथकांकडे सोपवण्याची रीत रुजवली. दोन्ही पथकांच्या अंदाजांत जे अंतर पडेल त्यावरून माहिती गोळा करणाऱ्या माणसांमुळे निकाल किती हलतो याचे माप मिळते. प्रश्न विचारणाऱ्याचा उत्तरावर प्रभाव पडतो ही चिंता फक्त अन्वयार्थवाद्यांना असते अशी माझी तोवर समजूत होती. ती दोघांनाही असते; एक पक्ष त्या प्रभावाला त्रुटी मानून मोजू पाहतो, तर दुसरा त्यालाच माहिती मानून वाचू पाहतो. पुस्तिकेच्या तक्त्यात या वाक्यासाठी रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवसाची दुपार मात्र वाया गेली. अनुभवाने पडताळता येईल तेच विधान अर्थपूर्ण मानणाऱ्या व्हिएन्ना मंडळाच्या १९२९ च्या जाहीरनाम्यावर बोलायला आलेल्या दुसऱ्या व्याख्यात्यांनी तत्त्वज्ञ कार्ल पॉपरला सरळ त्या मंडळाच्या शेजारी, डाव्या रकान्यात, नेऊन बसवले. पडताळणीची कसोटी नाकारून १९३४ च्या ग्रंथात खंडनक्षमतेची, म्हणजे सिद्धान्त खोटा ठरवता येण्याजोगा असावा ही, कसोटी मांडणारा, आणि १९६१ मध्ये ट्युबिंगेन येथे तत्त्वज्ञ अडोर्नोबरोबर सुरू झालेल्या वादानंतर आपल्याला चिकटवलेले प्रत्यक्षार्थवादी हे बिरूद ठामपणे झिडकारणारा हा माणूस तेथे बसत नाही, हे पदव्युत्तर वर्गाला शिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवे. त्यानंतर संगणक कक्षात चाळीस जणांसाठी अठरा संगणक होते आणि त्यांतील एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरची चाचणी मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ‘पी-किंमत ०.०५ पेक्षा कमी आली की तुमचे गृहीतकृत्य सिद्ध झाले’ असे तेथील साहाय्यकांनी सांगितले तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या संख्याशास्त्राच्या सरांनी डोळे मिटून घेतले; परिणाम नसताना असा फरक दिसणे दुर्मीळ आहे एवढेच ती किंमत सांगते, गृहीतकृत्य सिद्ध करत नाही.

अन्वयार्थवादाला दोनच दिवस दिले होते आणि त्यांतील एक व्याख्याते आलेच नाहीत, त्यांचे जुने ध्वनिचित्रमुद्रण दाखवण्यात आले. जे आले त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लपासून सुरुवात केली आणि जेवणाची वेळ झाली तरी ते हुसर्लपाशीच होते. निसर्गाचे स्पष्टीकरण देता येते पण माणसाच्या जीवनाचे आकलन करून घ्यावे लागते, हा जर्मन विचारवंत डिल्टायचा भेद आणि लोकांनी आपल्या जगण्यासाठी आधीच बांधलेल्या संकल्पनांवर संशोधक दुसऱ्या मजल्याच्या संकल्पना उभारतो, हे समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झचे म्हणणे, या दोन गोष्टी त्यांनी चांगल्या मांडल्या. परंतु एकही उदाहरण गावातले, घरातले किंवा कचेरीतले दिले नाही.

अपवाद एकच, आणि तोही सांगलीच्या एका सहभागीमुळे. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने १९७३ मध्ये ‘सघन वर्णना’साठी, म्हणजे कृतीबरोबर तिचा अर्थही टिपणाऱ्या वर्णनासाठी, वापरलेले, मुळात तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलचे, पापणी लवण्याचे आणि डोळा मारण्याचे उदाहरण व्याख्यात्यांनी सांगितले : बाहेरून पाहता दोन्ही हालचाली सारख्याच, पण एक नुसती शारीरिक आणि दुसरी संकेत देणारी, कॅमेऱ्याला हा फरक दिसत नाही, तो त्या समाजाचे संकेत जाणणाऱ्यालाच दिसतो. त्यावर सांगलीचे गृहस्थ उठून म्हणाले, “सर, आमच्याकडे पापणी नुसती लवली तरी आजी विचारते, उजवी की डावी?” म्हणजे राइलने जी हालचाल अर्थशून्य म्हणून निवडली तीही आपल्याकडे शकुन-अपशकुनाच्या हिशेबात जमा होते, बाईची उजवी लवली तर घरात काळजी सुरू होते. अर्थ कोठे सुरू होतो याची रेषासुद्धा समाजागणिक वेगळी असते हे दाखवणारी याहून चांगली संधी मिळाली नसती. व्याख्याते ‘रंजक निरीक्षण आहे’ असे म्हणून पुढच्या स्लाइडवर गेले.

वेबरची तर त्यांनी अर्धीच ओळख करून दिली. सामाजिक कृतीचे अर्थानुसारी आकलन एवढेच वेबरचे सांगणे म्हणून सांगितले गेले. प्रत्यक्षात त्याने आपल्या व्याख्येतच त्या आकलनातून कृतीच्या ओघाचे आणि परिणामांचे कारणमूलक स्पष्टीकरण करण्याची जबाबदारी घातलेली आहे. एखादे विवेचन अर्थाच्या पातळीवर कितीही पटले तरी कारणांच्या पातळीवर ते तपासल्याशिवाय टिकत नाही असे त्याचे म्हणणे होते. त्याला उजव्या रकान्यात कोंबायचे तर हे निम्मे वाक्य कापावे लागते, आणि तेच झाले.

आणखी एक उणीव मला व्यक्तिशः खटकली. कार्यशाळा पुण्यात होती. या शहरातील डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. त्यांनी बर्लिनमध्ये मानवी कवट्यांच्या मोजमापावर डॉक्टरेट मिळवली, महाराष्ट्रातील जातीजमातींची शारीरिक मापे घेतली, आणि त्याच बाईंनी वारीबरोबर पायी चालून दिंडीतील वेगवेगळ्या पंगतींबद्दल आणि त्या पंगतींमुळे मनात दाटलेल्या खंतीबद्दलही लिहिले. एकाच संशोधकाच्या हातात मोजपट्टी आणि टाळ दोन्ही कसे येतात हे सांगायला हुसर्लची गरज नव्हती. दहा दिवसांत त्यांचे नाव एकदाही निघाले नाही.

आता क्षेत्रकार्याकडे येते. सहाव्या आणि सातव्या दिवशी आम्हाला जुन्नर तालुक्यातील एका गावात नेले. प्रश्न एकच दिलेला होता : या गावातील किती स्त्रिया काम करतात? सहापैकी तीन गटांच्या हाती छापील अनुसूची, म्हणजे उत्तरे भरायचे प्रश्नपत्रक, होती, जिच्यातील संकेतांक २०१७ पासून सुरू असलेल्या केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून घेतलेले होते. उरलेल्या तीन गटांनी कागद न नेता दिवसभर लोकांबरोबर राहून यायचे होते. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल होणार होती, परंतु घरे तीच राहणार होती. ही आखणी संख्याशास्त्राच्या सरांची होती आणि तिच्यात महालनोबीसांची दोन पथके कोठून आली हे ओळखायला वेळ लागला नाही.

संकेतांक थोडे समजावून सांगणे भाग आहे. घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला हातभार लावणारी व्यक्ती २१ या संकेतांकाखाली येते आणि ती श्रमबलात, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लोकांत, मोजली जाते. फक्त घरकाम करणारी स्त्री ९२ मध्ये येते. घरकामाबरोबर सरपण, चारा गोळा करणे किंवा घरापुरते शिवणटिपण करणारी ९३ मध्ये. ९२ आणि ९३ दोन्ही श्रमबलाबाहेर धरले जातात. म्हणजे प्रगणकाच्या पेनाने २१ लिहिले की ९२, यावर ती बाई देशाच्या कामकरी लोकसंख्येत आहे की नाही हे ठरते.

पहिल्या दिवशी मी अनुसूचीच्या गटात होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास आम्ही ज्या घरी पोचलो तेथे पडवीत पन्नाशीच्या एक मावशी समोर कांद्याचा ढीग घेऊन बसल्या होत्या. डाव्या हाताने कांदा उचलायचा, मानेजवळ बोटभर देठ ठेवून विळ्याने वाळलेली पात छाटायची, जोडकांदा किंवा डेंगळा असेल तर मागे टाकायचा आणि चाळीत भरण्याजोगा असेल तर पुढच्या पाटीत, हे सगळे त्या आमच्याकडे पाहत, न थांबता करत होत्या. माझ्या सहकाऱ्याने विचारले, “मावशी, तुम्ही काय काम करता?”

“काय नाय बाबा, घरीच असते.”

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांनी मान डोलावली. अनुसूचीवर मी ९२ लिहिले. लिहीत असताना छाटलेली पात माझ्या चपलेवर पडत होती, तरी मी ९२ च लिहिले, कारण प्रशिक्षणात आम्हाला बजावले होते की उत्तरदात्याच्या उत्तरात स्वतःचे मत मिसळायचे नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच घरी एकटी, हात रिकामे ठेवून गेले. यजमान मंचरला गेले होते. नुसते बसून राहायला लाज वाटली म्हणून मी एक विळा मागून घेतला. माझे छाटलेले निम्मे कांदे मावशींनी न बोलता पुन्हा हाती घेतले, कारण मी देठ फार आखूड ठेवत होते आणि असा कांदा चाळीत लवकर सडतो. तासाभराने मी म्हणाले, “काल तुम्ही म्हणालात काही काम करत नाही म्हणून.” त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले. “आपलाच तर कांदा हाय. त्याला काम कसं म्हणायचं? काम म्हंजी लोकाच्या रानात रोजानं जायचं. आमच्या घरातल्या बाया रोजानं नाय जात.” शेवटचे वाक्य बोलताना त्यांची मान किंचित ताठ झाली. मग बोलता बोलता कळले की आदल्या आठवड्यात त्या चार दिवस शेजारणीच्या कांदाकाढणीला गेल्या होत्या. मी विचारले, ते तरी काम की नाही? “ती सावड हाय. ती आली व्हती ना आमच्याकडं.”

आपलं, रोज आणि सावड असे तीन कप्पे त्या बाईंच्या मनात स्वच्छ होते आणि प्रत्येक कप्प्याला घरच्या इभ्रतीचा वेगळा भाव होता. आमच्या अनुसूचीत कप्पे भरपूर होते, पण हे नव्हते. आम्ही ‘काम’ हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी ऐकले ते ‘मजुरी’, आणि उत्तर दिले ते घराच्या प्रतिष्ठेविषयी.

त्या रात्री परत आल्यावर झालेली चर्चा हा या कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा भाग होता, आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हतीच. बिनकागदाच्या गटांतील काही जण विजयी मुद्रेने आले होते. त्यांच्यातील एकाने तीन घरांतील बोलण्यावरून ‘गावातील स्त्रिया स्वतःच्या श्रमाला श्रम मानत नाहीत’ असा निष्कर्ष काढून त्यावर पितृसत्तेचे विवेचनही रचले होते. समन्वयक बाईंनी त्याला ‘सघन वर्णना’चा नमुना म्हणून शाबासकी दिली. तेव्हा गावाबाहेरच्या ठाकर वस्तीवर गेलेली एक मुलगी म्हणाली की तिच्याकडे तर उलटेच झाले : काय काम करता असे विचारताच बायकांनी रोजाने जातो म्हणून ताबडतोब सांगितले, कोणत्या बागायतदाराकडे, किती रुपयांनी, आणि कोण पैसे थकवतो हेसुद्धा. निष्कर्ष काढणाऱ्याची जी तीन घरे होती ती तिन्ही स्वतःची जमीन असलेली होती. अन्वयार्थवादी वर्णन कितीही मनाला भिडले तरी ‘कोणत्या घरांतल्या, आणि किती जणी’ हा प्रश्न त्याला चुकत नाही. आणि हा प्रश्न मोजणीचा आहे. वेबरचे कापलेले निम्मे वाक्य येथे परत जोडावे लागले.

मग संख्याशास्त्राच्या सरांनी वही उघडली आणि डग्लसच्या आक्षेपाकडे वळले. फळ्यावर त्यांनी दोन आकडे लिहिले : २३.३ आणि ४१.७. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांच्या श्रमबल सहभागाची ही टक्केवारी, पहिली २०१७-१८ ची आणि दुसरी २०२३-२४ ची, दोन्ही त्याच श्रमबल सर्वेक्षणातल्या. वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्त्रियांच्या स्वयंरोजगारात आहे, ज्यात २१ संकेतांकाचे बिनपगारी मदतनीसही धरले जातात. “या सात वर्षांत इतक्या बायका नव्याने कामाला लागल्या, की आधीच कांदा कापत बसलेल्या बाईपुढे ९२ ऐवजी २१ लिहिले जाऊ लागले? दोन्ही थोडेथोडे असेल. पण किती ते मला माझ्या सूत्रांतून कळणार नाही, त्याला तुमचा विळा लागेल,” असे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. एका प्रत्यक्षार्थवाद्याने दुसऱ्या पक्षाला दिलेली एवढी मोकळी कबुली मी पुस्तकांत वाचलेली नाही.

दोन तत्त्वज्ञानांतील भेद मला त्या रात्री जो समजला तो असा. ‘घरीच असते’ हे उत्तर कागदावर उतरले की प्रत्यक्षार्थवादी त्याच्याकडे तापमापकावरचा पारा पाहावा तसे पाहतो : खरी स्थिती बाहेर आहे, उत्तर हे तिचे कमी-अधिक अचूक वाचन आहे, आणि वाचन चुकत असेल तर उपकरण सुधारायचे. अन्वयार्थवादी तेच उत्तर कोणी तरी कोणाला तरी, कोणाच्या तरी देखत केलेले बोलणे म्हणून ऐकतो : दारात नवरा उभा आहे, समोर कागद-पेन घेतलेली परकी माणसे आहेत, आणि बाई घराविषयी काही सांगते आहे, येथे चुकीचे वाचन असे काही नाही, चुकले असेल तर ऐकणाऱ्याचे कान चुकले. उत्तराला काय मानायचे, हा वाद आहे. एकदा तो तसा दिसला की आकडे वापरूनही अन्वयार्थवादी राहता येते आणि शंभर मुलाखती घेऊनही माणूस कट्टर प्रत्यक्षार्थवादी असू शकतो, मुलाखतींची वाक्ये कात्रीने कापून त्यांचे प्रमाण काढत बसला तर.

उपकरण सुधारण्याचा प्रयोगही आम्ही आठव्या दिवशी केला. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणात ‘काय काम करता’ असे न विचारता आदल्या दिवशी पहाटे चारपासून चोवीस तासांत काय काय केले ते अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवतात. ‘काम’ हा शब्दच टाळल्यामुळे इभ्रतीची अडचण बरीच कमी होते. घरातल्यांसाठीच्या बिनमोबदल्याच्या घरकामावर, ते करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, हा त्या सर्वेक्षणाचा आकडा पुष्कळांनी ऐकलेला असेल. आम्ही क्षेत्रकार्यातील आठवणींवरून मावशींचा दिवस तसा भरून पाहिला आणि कांदाछाटणीचे पाच तास निघाले. मात्र मावशी वेळ सांगताना ‘सकाळची यष्टी गेली तवा’ आणि ‘उन्हं पडवीत आली तवा’ असे म्हणत होत्या, त्याचे साडेआठ आणि चार आम्ही केले. चांगले माप मिळाले ते आधी कोणी तरी ऐकून घेतल्यामुळे, आणि त्या मापातही पुन्हा कोणाचे तरी भाषांतर शिरले.

नववा दिवस सहभागींच्या सादरीकरणांत गेला आणि प्रत्येकाला सहा मिनिटे मिळाली. दहाव्या दिवशी समारोप, हारतुरे आणि प्रमाणपत्रे. जेवण साधे पण चांगले होते, ताक रोज होते. सभागृहातील पंखे मे महिन्याला पुरणारे नव्हते. परगावच्या स्त्री-सहभागींसाठी निवासाची निदान यादी तरी द्यायला हवी होती. मला दोन दिवस नातेवाइकांकडे काढून तिसऱ्या दिवशी खोली सापडली.

कोणी जावे, असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे असे : तत्त्वज्ञान पहिल्यापासून शिकायचे असेल तर या पुस्तिकेच्या भरवशावर जाऊ नये, आणि सॉफ्टवेअर शिकायचे असेल तर मुळीच नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे आणि तो मोजावा की ऐकावा हे ठरत नाही, त्यांनी क्षेत्रकार्य असलेल्याच तुकडीत नाव द्यावे. संस्था पावसाळ्यातील तुकड्यांना गावात नेत नाही असे कळले. माझ्या आराखड्यातील ‘तात्त्विक भूमिका’ हे प्रकरण मी परत आल्यावर नव्याने लिहिले. त्यात आता तक्ता नाही, माझ्या प्रश्नावलीतील ‘आपण नोकरी/व्यवसाय करता का?’ हा पहिला प्रश्न काढून टाकण्याची चार पानी कारणे आहेत. समितीची बैठक अजून व्हायची आहे.

समारोपाआधी आमच्या हाती अभिप्रायाचा अर्ज दिला गेला. मानसशास्त्रज्ञ लिकर्टने १९३२ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीची पाच वर्तुळे प्रत्येक ओळीपुढे होती : भोजनव्यवस्था, व्याख्यानांचा दर्जा, क्षेत्रकार्य, स्वच्छता. मोकळे लिहायला जागा नव्हती. व्याख्यानांपुढे मी दोनवर खूण केली, कारण तीन चांगले दिवस आणि उरलेले हुसर्ल असे सांगणारे वर्तुळ नसते, क्षेत्रकार्यापुढे पाचवर. अर्ज गोळा करणाऱ्या मुलाने तेथल्या तेथे लॅपटॉपवर आकडे भरले, माझ्या या दोन ओळींची सरासरी साडेतीन आली, आणि त्या रकान्यापुढे पडद्यावर ‘समाधानी’ असे हिरव्या अक्षरांत उमटले.